शिरोलीत एक मोठं गोदाम की दोन लहान?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूर-सांगली पट्ट्यात औषधांची घाऊक एजन्सी आहे, शिरोली एमआयडीसीत मोठं गोदाम बऱ्या भाड्यात मिळतंय, ते घ्यावं की दोन लहान घ्यावीत, आणि पुराचा हिशेब कसा धरावा?

मी याच धंद्यातला, त्यामुळे आधी स्वतःचं सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमच्या शिरोलीच्या गोदामात थेंबभर पाणी शिरलं नाही. खोके जागच्या जागी, माल कोरडा. पण पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली. नदीपलीकडे कोल्हापुरातून मेडिकलवाल्यांचे इन्सुलिनसाठी फोनवर फोन, आणि आम्ही जवळजवळ आठवडाभर भरलेल्या गोदामाची राखण करत बसलेलो. जुलै २०२१ मध्ये हायवे परत बंद पडला.

म्हणून जागा लाल पूररेषेबाहेर आहे एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. (निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या.) ती रेषा जमिनीचं सांगते, रस्त्याचं नाही. नकाशावर शिरोली बघा: दक्षिणेला पंचगंगा, उत्तरेला वारणा, सांगलीकडे निघालात तर अंकलीला कृष्णा. तिन्ही फुगल्या की तुमचं गोदाम म्हणजे बेट.

नुसती सरासरी काढली तर मोठं गोदामच जिंकतं, हे मान्य. पूर कधीतरी येतो, भाडं दर महिन्याला. स्नायडर आणि डॅस्किन या दोन अमेरिकन संशोधकांनी २००५ साली याच कोड्याचं गणित मांडलं: प्रत्येक गिऱ्हाइकाला एक नेहमीची जागा आणि ती बंद पडली तर दुसरी, आधीच ठरवून ठेवायची. रोजचा खर्च थोडा वाढतो, पण अडचणीच्या दिवसातला फटका बराच कमी होतो. त्यांच्या मूळ मांडणीत मात्र प्रत्येक जागा आपापली, स्वतंत्रपणे बंद पडते असं धरलंय. आपल्याकडे ते लागू पडत नाही. घाटमाथ्यावर एकच पाऊस कोसळतो आणि पंचगंगा, वारणा, कृष्णा एकाच आठवड्यात चढतात. ऐन पुरात एका गोदामातून दुसऱ्याच्या गिऱ्हाइकाला माल पोचवू, हा विचार सोडा.

पण म्हणूनच प्रत्येक गोदाम आपल्या गिऱ्हाइकांच्याच काठावर हवं. मी असतो तर दोन लहान घेतली असती. एक कोल्हापूरच्या दक्षिणेला गोकुळ शिरगावला, कारण तिथून कोल्हापूर शहरात शिरायला पंचगंगा ओलांडावी लागत नाही. दुसरं कुपवाडला, कारण ते, सांगली आणि मिरज तिन्ही कृष्णेच्या एकाच काठावर, आणि नवा माल पूर्वेकडून, पंढरपूरच्या बाजूनं आणायची वाट शिल्लक राहते. गोकुळ शिरगावला ती सोय नाही: उत्तरेला पंचगंगा, दक्षिणेला निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा. तिथं साठाच करून ठेवावा लागतो. आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये इन्सुलिन, बीपीच्या गोळ्या, सलाईन असा नेमका माल दहा दिवसांचा जास्त ठेवतो. कफ सिरपात पैसे अडकवत नाही. कोल्हापूरजवळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की शेवटची गाडी भरून घेतो, ४३ ची धोका पातळी येईपर्यंत थांबत नाही.

दुसऱ्या जागेचं लायसन्स आत्ताच काढा. औषधांच्या घाऊक विक्रीचं लायसन्स (फॉर्म २०-बी आणि २१-बी) जागेनुसार असतं. पूर आल्यावर ओळखीच्याच्या शेडमध्ये माल हलवून तिथून विकता येत नाही, हे अनेकांना ऐन वेळी कळतं.

आणि फ्रिजसाठी जनरेटर असला तरी डिझेल आधी भरून ठेवा. २०१९ ला कोल्हापुरात टँकर पोचेनात, पंपांवरचं इंधन अत्यावश्यक सेवांसाठी राखून ठेवलेलं. औषधं अत्यावश्यक आहेत हे पंपावरच्या माणसाला पटवण्यात आमच्या मॅनेजरचा अख्खा दिवस गेला, तेव्हा कुठं एक कॅन मिळाला.