मेसेज पाठवणाऱ्या टूलबद्दल काय काय लिहून ठेवायचं?

प्रश्न: ताई, देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. गिऱ्हाईकं सगळी मुंबई-पुण्याची, ऑर्डरी टेलिग्रामवर येतात म्हणून मी एक एआय एजंट (आपणहून उत्तरं देणारा, कामं करणारा प्रोग्राम) बसवला आणि त्याला मेसेज पाठवायचं टूल दिलं. टूलच्या माहितीत एकच ओळ आहे, "मेसेज पाठवतो". आता झालंय काय, एका गिऱ्हाइकाला पेटी निघाल्याचे दोन मेसेज गेले पण शब्द जरा वेगळे, दुसऱ्याला अगदी तोच मेसेज तीनदा, आणि एकाचे पैसे बाकी असल्याचा मेसेज सरळ ग्रुपवर! काका ओरडले, "कोणाक धाडलंस ह्यो?" मॉडेल बदलू का?
— एक वाचक, देवगड

उत्तर: नको, मॉडेल बदलून काही होणार नाही. मॉडेलला, म्हणजे एजंटच्या मागच्या एआयला, तुमचा कोड दिसत नाही हो, त्याला दिसतं फक्त टूलचं नाव, माहिती आणि कुठल्या खान्यात काय भरायचं ते, बस. सीझनला खळ्यावर नवीन पोरगा ठेवला की त्याला नुसतं "पेट्या भर" सांगून आपण घरात जातो का, आढीतला कुठला आंबा आधी काढायचा, कुठली पेटी कोणाची, सगळं सांगतो, आणि तो पोरगा निदान परत येऊन विचारतो तरी. एजंट बहुतेक वेळा विचारत नाही, अंदाजाने करून मोकळा होतो.

तुमच्या तीन घोटाळ्यांची कारणं तीन वेगळी दिसतायत.

शब्द वेगळे आणि मेसेज दोन, म्हणजे एजंटने टूलने एक पाठवला आणि वर त्याचं नेहमीचं उत्तरही त्याच चॅटमध्ये गेलं. बऱ्याच एजंटांत ते उत्तर आपोआपच जातं. मग माहितीत पहिलीच ओळ ही पाहिजे: "ज्या चॅटमध्ये बोलणं चालू आहे तिथे उत्तर द्यायला हे टूल वापरू नये, दुसऱ्या चॅटमध्ये काही कळवायचं असेल तरच वापरावं." टूल कधी वापरायचं नाही हे लोक लिहीतच नाहीत, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे.

तोच मेसेज तीनदा गेला तो बहुतेक रेंजमुळे. मेसेज गेला पण पोच परत यायच्या आत नेट तुटलं, टूलने "एरर" एवढंच सांगितलं, एजंटला वाटलं गेला नाही, त्याने परत पाठवला, परत तेच. म्हणून प्रत्येक एररचा अर्थ वेगळा लिहा. टाइमआउट म्हणजे गेला की नाही ते माहीत नाही, परत पाठवू नये, काकांना कळवावं. 429 हा एरर नंबर आला म्हणजे घाई झाली, मेसेज गेलेला नाही, टेलिग्राम किती सेकंद थांबायचं ते सांगतो तेवढं थांबून मग पाठवावा (एका चॅटला साधारण सेकंदाला 1 आणि ग्रुपला मिनिटाला 20 ही मर्यादाही लिहून टाका). 403 बहुतेक वेळा गिऱ्हाइकाने बॉट (एजंटचं टेलिग्रामवरचं खातं) ब्लॉक केल्यावर येतो, तिथे परत प्रयत्नच नको. शिवाय कोडमध्ये प्रत्येक मेसेजला ऑर्डर नंबर आणि टप्पा मिळून एक खूण द्या, म्हणजे "142-निघाली" एकदा गेलं की दुसऱ्यांदा टूलच नाही म्हणेल.

आता ग्रुपचं, जे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण माणसाची उधारी चारचौघांत गेली की ते गिऱ्हाईक पुढच्या सीझनला येत नाही. चॅट आयडीच्या खान्यापुढे तुम्ही फक्त "चॅटचा आयडी" लिहिलं असणार. तिथे लिहा: "आयडी ऑर्डरच्या नोंदीतूनच घ्यावा, आठवणीने किंवा अंदाजाने भरू नये. उणे चिन्ह असलेला आयडी ग्रुपचा किंवा चॅनलचा असतो, तिथे पैसे, पत्ता, फोन नंबर कधीही पाठवू नये." आणि नुसतं लिहून थांबू नका हं, लिहिलेलं म्हणजे कुलूप नव्हे, उणे आयडीला पैशाचा मेसेज जाणारच नाही अशी अडवणूक कोडमध्ये पण पाहिजे.

बाकी थोडक्यात: मेसेज 4096 अक्षरांपर्यंतच, समोरच्याने आधी बॉट सुरू केला नसेल तर बॉट त्याला पहिला मेसेज करू शकत नाही, आणि मजकूर साधाच ठेवायला सांगा, कारण मार्कडाउन व्ही2 (अक्षरं ठळक-तिरकी करायची टेलिग्रामची पद्धत) लावलं तर "रु." मधल्या टिंबाच्या आधीही उलटी तिरकी रेघ (\) द्यावी लागते, नाही दिली तर अख्खा मेसेज अडकतो.

लिहून झालं की काकांना वाचून दाखवा, कोडचं एक अक्षर न सांगता. ते मधेच जे जे विचारतील ते ते त्यात घाला.

प्रश्न: आमचं गुहागरला होमस्टे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा एजंट येण्याच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना रस्ता कळवतो, टूल "पाठवला" म्हणतं पण पाहुण्याला काहीच मिळत नाही.
— एक वाचक, गुहागर

उत्तर: पाहुण्याचा शेवटचा मेसेज येऊन 24 तास उलटले असणार. व्हॉट्सअ‍ॅपच्या बिझनेस एपीआयवर (प्रोग्रामने मेसेज पाठवायची धंद्यासाठीची सोय) त्यानंतर मनासारखा मजकूर जात नाही, आधी मंजूर करून घेतलेलं टेम्प्लेटच जातं. ही अट टूलच्या माहितीत घाला, आणि टूल परत देतं तो शब्द "पाठवला" ऐवजी "सर्व्हरने घेतला" असा करा, कारण पोचला की फेल झाला ही खबर नंतर वेबहुकवर (व्हॉट्सअ‍ॅप आपणहून तुमच्या सर्व्हरला कळवतं तो पत्ता) येते. ती एजंटला वाचायला मिळू दे, म्हणजे दाभोळ-धोपावे फेरीबोटीचा रस्ता कळला नाही म्हणून पाहुणे चिपळूणवरून वळसा घालत बसणार नाहीत.