तुपाआधी तोंडाची तपासणी

नागपूरच्या प्रतापनगरमधील एक काकू भर मे महिन्यात आपल्या पॉमेरेनियनला, शेरूला, घेऊन माझ्याकडे आल्या. "काही खातच नाही जी, नुसता वाळत चाललाय," एवढे बोलून त्यांनी लसीकरणाचे कार्ड पुढे केले. त्यावर मागील वर्षाचे वजन 3 किलो होते. आता काटा 2.4 दाखवत होता. अंगावर मांस यावे म्हणून त्या दोन्ही वेळच्या दूधपोळीवर मोठा चमचाभर साजूक तूप घालत होत्या, आणि शेरूला जुलाब लागले होते. लहान जातीचा कुत्रा पाळणारी बरीच कुटुंबे हीच काळजी घेऊन येतात, आणि तुपाचा उपाय बहुतेकांनी आधीच करून पाहिलेला असतो.

दाट केसांमुळे पॉमेरेनियनचा रोडपणा नजरेला कळत नाही, म्हणून मी काकूंनाच बोटे फिरवायला सांगितली. निरोगी कुत्र्याच्या बरगड्या हलक्या स्पर्शाने जाणवतात, पण त्यांवर चरबीचा पातळ थर असतो. शेरूचे मणके आणि कमरेची हाडे थेट बोटांना लागत होती. मग कोरडे खाद्य समोर ठेवले. तो लगबगीने आला, एक दाणा उचलून डाव्या दाढेखाली घेतला आणि लगेच टाकून दिला. भूक होती, चावणे होत नव्हते. ओठ वर केल्यावर दाढांवर तपकिरी कीटण आणि लालभडक हिरड्या दिसल्या. लहान जबड्यात दातांची दाटी होत असल्यामुळे या जातींत हा त्रास फार आढळतो.

म्हणून आहारात काहीही वाढवण्याआधी मी त्यांना सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणीसाठी पाठवले. जंत, गोचीडताप, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काहीही वजन उतरवू शकते, आणि कारण शरीरात तसेच राहिले तर कितीही खाऊ घातले तरी ते अंगी लागत नाही. शेरूच्या विष्ठेत जंत सापडले. रक्ताचे अहवाल चांगले आले. जंतनाशक दिले गेले, भूल देऊन दात स्वच्छ केले आणि किडलेली एक दाढ काढली.

त्यानंतर हिशेब मांडला. 3 किलोच्या घरगुती प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण 250 कॅलरी पुरतात, आणि तेवढ्या जवळजवळ त्या दोन चमचे तुपातच होत्या. पोट भरत होते, पण स्नायू घडवणारी प्रथिने त्यात नव्हती, शिवाय एवढ्या चरबीने स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका होता. तूप आणि दूध बंद केले. अंगी लागतील म्हणून मनुके देण्याचा विचारही काकूंच्या मनात होता. तो मी ठामपणे थांबवला, कारण मनुके आणि द्राक्षे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात. कोमट पाण्यात भिजवलेले संतुलित खाद्य आठवडाभरात हळूहळू सुरू केले, जोडीला कांदा, लसूण, मीठ न घातलेले उकडलेले बिनहाडाचे चिकन थोडेसे. एवढ्या लहान जिवाची रक्तातली साखर उपाशीपोटी पटकन उतरते, म्हणून दिवसाच्या खाण्याचे चार भाग केले. नागपूरच्या उन्हात दुपारी तो तोंड लावत नसे, त्यामुळे मोठे भाग पहाटे आणि रात्री कूलरसमोर ठेवले.

वजन काकू दर रविवारी बाळांच्या काट्यावर करत. आठवड्याला 40-50 ग्रॅम वाढ मला पुरेशी वाटत होती; जुलाब थांबल्यावर ती दिसू लागली. 2.9 किलोवर चिकन कमी केले, आणि रोज रात्री कुत्र्यांच्या पेस्टने दात घासणे काकांनी स्वतःकडे घेतले.