भरतीच्या वेळची शुगर आणि झटक्याची तीव्रता

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना (वय 66, मधुमेह 14 वर्षांपासून) गेल्या महिन्यात मेंदूत गुठळी अडकून पक्षाघाताचा झटका आला. भरती करताना शुगर 288 होती, एचबीएवनसी 7.2 आणि तिसऱ्या दिवशी सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेले आले. फायलीत ‘एनआयएचएसएस 14’ असे लिहिले आहे. आम्ही शुगर नीट सांभाळली नाही म्हणून झटका एवढा मोठा आला का? सीआरपी दर महिन्याला करावे का? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : आपण कळवलेल्या आकड्यांपैकी झटक्याची तीव्रता मोजणारा आकडा एकच आहे, आणि तो रक्ताचा नाही. एनआयएचएसएसमध्ये शुद्ध, नजर, चेहरा, हातपाय आणि बोलणे तपासून 0 ते 42 गुण देतात. उचललेला हात दहा सेकंदांच्या आत खाली घसरू लागला, की गुण वाढतो. 14 गुणांचा झटका मध्यम समजला जातो.

आता 288 कडे पाहू. एचबीएवनसीला 28.7 ने गुणून 46.7 वजा केले, की साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर निघते, 7.2 ला ती सुमारे 160 येते. (रक्तक्षय असेल तर हा हिशेब फसतो, लोह कमी असताना एचबीएवनसी उगाच वाढलेले दिसू शकते.) म्हणजे त्या दिवशीची शुगर त्यांच्या नेहमीच्या शुगरच्या जवळजवळ पावणेदोनपट होती. मेंदूला इजा झाली, की शरीरात कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनलिन वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडते. त्यामुळे 288 मधला बराच भाग झटक्याचे कारण नसून परिणाम असण्याची शक्यता आहे. भरतीची शुगर नेहमीच्या शुगरच्या किती पट आहे, हे प्रमाण जास्त असलेल्या रुग्णांत झटके अधिक तीव्र आढळतात हे खरे. पण म्हणून घरच्यांनी स्वतःला दोष द्यावा, असे त्यातून निघत नाही. या वयात 7.2 ही काही निष्काळजीपणाची खूण नव्हे.

वाढलेली शुगर निरुपद्रवी असते, असे मात्र नाही. रक्तपुरवठा तुटलेल्या भागात तिचे लॅक्टिक आम्ल होऊन इजा वाढते. तरीही ती घाईने खाली आणण्यात फायदा नाही : 2019 च्या ‘शाइन’ चाचणीत शुगर 80 ते 130 मध्ये घट्ट ठेवलेल्या रुग्णांची प्रकृती 90 दिवसांनी इतरांपेक्षा चांगली नव्हती, उलट शुगर फार उतरण्याचे प्रसंग वाढले. म्हणून रुग्णालयात ती सहसा 140 ते 180 दरम्यान ठेवतात.

सीआरपी झटक्यानंतर आपोआपही वाढते आणि घास श्वासनलिकेत जाऊन छातीत जंतुसंसर्ग झाला तरी वाढते. तिसऱ्या दिवशीच्या आकड्यावरून डॉक्टरांनी ताप आणि छाती पाहिली असेलच. दर महिन्याला ते करण्याची गरज नाही. तो खर्च रक्तदाब, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), तीन महिन्यांनी एचबीएवनसी आणि वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिन यांवर करावा.

पुन्हा तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर ग्लुकोमीटरवर शुगर जरूर पाहा, कारण फार उतरलेली शुगरही हुबेहूब झटक्यासारखी दिसते. पण त्यासाठी निघायला उशीर करू नका आणि गिळता येत नसेल तर तोंडात साखर घालू नका. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आत देतात. संध्याकाळी सायन-पनवेल महामार्गावर गाडी अडकते, म्हणून रात्रंदिवस सीटी स्कॅन होणारे जवळचे रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवा.