२९ मार्चच्या आधी इंग्लंडला येऊन टाकावं का? स्विंडनहून उत्तर (फेब्रुवारी २०१९ चं पत्र, यातले नियम, पदं आणि आकडे तेव्हाचे)

तुझा मेसेज दोनदा वाचला रे. मला कळलं ते असं, की तू थिवीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधे कामाला आहेस, मेकॅनिकल डिप्लोमा, आठ वर्षांचा अनुभव, मिसेस म्हापशाची आणि सरकारी शाळेत शिकवते, सासऱ्यांचा जन्म १९५८ चा गोव्यातला म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट निघू शकतो (आणि युरोपियन युनियनचा पासपोर्ट म्हणून त्यावर इथेही राहता येतं), आणि तिचा इथे स्विंडनला असलेला चुलत भाऊ रोज फोन करून सांगतोय की २९ मार्चला ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडतंय, म्हणजे ब्रेक्झिट, त्याच्या आधी येऊन टाका, मग दार बंद. आणि तू विचारतोयस की दादा, तिकडे खरंच एवढा गोंधळ आहे का, लोक आपल्याशी नीट वागतात का, यायचं की नाही.

आधी उत्तर सांगून टाकतो कारण नंतर मी वाहवत जाणार. २९ मार्चच्या आधी तुम्ही येऊच शकत नाही, त्यामुळे ती धावपळ डोक्यातून काढ. आज २४ फेब्रुवारी २०१९, राहिले ३३ दिवस. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे काय आधार कार्ड नाही. आधी सासऱ्यांचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग त्यांचं लग्न, मग मिसेसचा जन्म, मग तुमचं लग्न, मग ओळखपत्र, मग पासपोर्ट. जुन्या पोर्तुगीज नोंदीत नावाचं स्पेलिंग एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि त्या एका अक्षरापायी लोकांचे महिनेच्या महिने गेलेले मी बघितलेत. ३३ दिवसांत करून देतो म्हणणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाज आणि घरी पाठव.

चुलत भाऊ खोटं बोलत नाहीये, अर्धंच सांगतोय. गंमत अशी आहे की दार कधी बंद होणार हे इथल्या सरकारलाच माहीत नाही. युरोपशी करार झाला तर ३१ डिसेंबर २०२० पर्यंत राहायला आलेल्या युरोपियन नागरिकांना इथे हक्काने राहता येईल. करार न होता बाहेर पडले, म्हणजे ज्याला इथे सगळे नो डील म्हणतात, तर तीच तारीख सरळ २९ मार्च २०१९. त्यानंतर येणाऱ्याला तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर ३६ महिन्यांची टेम्पररी परवानगी, आणि पुढे बघू. म्हणजे घर तेच, माणसं तीच, कागद तेच, आणि मधे पावणेदोन वर्षांचा फरक, तो कशावर तर वेस्टमिन्स्टरमधे, म्हणजे इथल्या संसदेत, कोण कुठल्या दारातून मत द्यायला गेला त्यावर. १५ जानेवारीला पंतप्रधान थेरेसा मे बाईंचा करार ४३२ विरुद्ध २०२ ने आपटला, २३० मतांनी, एवढा मार हल्लीच्या काळात कुठल्याच सरकारने खाल्लेला नाही, आणि दुसऱ्याच दिवशी अविश्वास ठरावात त्याच बाई ३२५ विरुद्ध ३०६ ने वाचल्या! करार नको पण बाई असू देत. आजच त्यांनी सांगितलंय की पुढचं मतदान १२ मार्चपर्यंत घेऊ. म्हणजे तारखेच्या सतरा दिवस आधी. आमची आई कुडाळहून फोन करते तेव्हा तब्येत विचारायच्या आधी विचारते, "काय झाला रे तुमच्या त्या ब्रेक्झिटाचा, सुटला की नाय?" नाय सुटला आई.

अडलंय कुठे तर मुख्य आयर्लंडच्या बॉर्डरवर. नॉर्दर्न आयर्लंड ब्रिटनमधे, खालचं आयर्लंड युरोपियन युनियनमधे, मधली ५०० किलोमीटरची सीमा १९९८ च्या शांतता करारानंतर नावापुरती उरलीय, तिथे परत नाके उभे करायला कोणी तयार नाही आणि न करता बाहेर कसं पडायचं हेही कोणाला सांगता येत नाही. युरोपियन युनियनमधे राहायचं की नाही यावर २०१६ ला मतदान झालं, त्याच्या प्रचारात आमच्या भागात या सीमेबद्दल एक शब्द कोणी बोललेला मला आठवत नाही. बसवर काय लिहिलेलं, तर आठवड्याला ३५ कोटी पाउंड युरोपला जातात ते हॉस्पिटलांना देऊ.

आता मला जे खरं सांगायचंय ते. २३ जून २०१६ ला मतदान झालं तेव्हा मी मत दिलं. भारतीय पासपोर्टवर. कॉमनवेल्थचा माणूस इथे कायदेशीर राहत असेल तर त्याला मताचा हक्क आहे, हे कित्येक गोऱ्यांनाही माहीत नव्हतं. आणि माझा शेजारी, गोव्यातल्या सासष्टीचा, २००७ पासून इथे, दोन पोरं इथल्या शाळेत, टॅक्स भरतोय, त्याला मत नव्हतं, कारण त्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला होता आणि युरोपियन युनियनच्या नागरिकांना (आयर्लंड, माल्टा, सायप्रस सोडून) मतदान नव्हतं. ज्याच्या घरादाराचा निकाल लागणार तो घरी टीव्हीसमोर, आणि ज्याच्या व्हिसाला काडीचाही धक्का लागणार नव्हता तो मी रांगेत पेन्सिल घेऊन उभा. तो भारतीय पासपोर्ट तसाच ठेवून व्हिसावर आला असता तर त्याला मत असतं. तो हे हसत हसत सांगतो, पण दर वेळी सांगतो.

आणि माझ्या घरातलं सांगू का, बायकोने लीव्हला, म्हणजे युरोपमधून बाहेर पडायला, मत दिलं. तिच्या आईचा व्हिजिटर व्हिसा दोनदा रिजेक्ट झाला होता, बाळंतपणाला येणार होती बिचारी, आणि त्याच वेळी खालच्या फ्लॅटमधल्या रुमानियन बाईचं अख्खं माहेर तिकीट काढून येऊन राहून गेलं. प्रचारात आपल्या लोकांना हेच सांगत होते, युरोपवाल्यांची रांग बंद झाली की कॉमनवेल्थची मोठी होईल, करी रेस्टॉरंटना आचारी मिळतील. मी रिमेनला, म्हणजे राहायला, दिलं. २४ तारखेला सकाळी निकाल, ५२ विरुद्ध ४८, पाउंड एका रात्रीत १९८५ नंतरच्या तळाला, तेव्हाचा पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून घराबाहेर येऊन राजीनामा देतोय, आणि आम्ही दोघं चहाचे कप धरून गप्प. आजही आमच्याकडे हा विषय जेवताना निघत नाही. सासूबाईंना पुढे व्हिसा मिळाला, त्याचा ब्रेक्झिटशी काही संबंध नव्हता, कागद नीट लावले म्हणून मिळाला.

तर फूट आहे का, आहे, पण ती तुला वाटते तशी गोरे विरुद्ध आपण अशी नाही. स्विंडनमधे जवळपास ५५ टक्के लीव्ह, पण शहराचे दोन खासदार, दोघेही एकाच पक्षाचे, एक रिमेनवाला एक लीव्हवाला. स्कॉटलंड ६२ टक्के राहू म्हणालं, लंडन जवळपास ६०, वेल्स जाऊ म्हणालं. ऑफिसमधे दोघं जण आहेत, वीस वर्षांचे दोस्त, आता वेगवेगळ्या वेळी कॅन्टीनला जातात. या आठवड्यात तर लेबर पक्षातून आठ आणि हुजूर पक्षातून तीन खासदार बाहेर पडून एकत्र बसायला लागलेत. आपल्याकडे पक्ष फुटणं म्हणजे रोजचंच, इथे लोकांना घरात सापडलेल्या सापासारखं वाटतंय.

वागण्याबद्दल विचारलंस. मला तीन वर्षांत एकदाच झालं, निकालानंतरच्या शनिवारी, टाऊन सेंटरच्या बसस्टॉपवर एक टाइट झालेला माणूस म्हणाला, बॅग भरायला घे, आता घरी जायचं. त्याला कुठे माहीत की मी युरोपचा नाहीच, आणि त्यानेही मत दिलं असेल तर आम्ही दोघांनी एकाच मतपत्रिकेवर दिलंय. रस्त्यावरचा माणूस पासपोर्ट बघत नाही रे, कातडी बघतो. माझ्या सासष्टीच्या शेजाऱ्याला हाच डबल त्रास, कातडी आपली आणि पासपोर्ट युरोपचा, म्हणजे कुठूनही मोजा, तो बाहेरचाच. पण रोजच्या जगण्यात भीती वाटावी असं काही मी बघितलेलं नाही. आमच्या गल्लीतला एक म्हातारा कट्टर लीव्हवाला आहे, डॉक्टरची अपॉइंटमेंट तीन आठवडे मिळत नाही आणि एजन्सीवाले स्वस्तात माणसं आणून पगार पाडतात हा त्याचा राग, यातला दुसरा मुद्दा मी स्वतः वेअरहाऊसमधे काम करणाऱ्यांकडून ऐकलाय त्यामुळे त्याला खोटं कसं म्हणू. तो उन्हाळ्यात आम्हाला टोमॅटो आणून देतो. टोमॅटो देताना ब्रेक्झिटवर लेक्चर पण देतो, ते फुकट.

खरी भीती आहे ती नोकरीची. गेल्या मंगळवारी होंडाने जाहीर केलं की इथला साऊथ मार्स्टनचा गाड्यांचा प्लांट २०२१ मधे बंद. ३,५०० माणसं थेट, आणि सीट, बंपर, वाहतूक असं करत सप्लायरकडची कितीतरी. कंपनी म्हणते ब्रेक्झिटमुळे नाही, इलेक्ट्रिक गाड्यांमुळे जगभर बदल करतोय. असेलही, शिवाय १ फेब्रुवारीपासून जपान आणि युरोपचा व्यापार करार लागू झालाय, हळूहळू जपानमधे बनलेल्या गाडीवरची ड्युटी शून्यावर येणार, मग इथे कशाला बनवायची. पण इथे पबमधे त्याच बातमीवर लीव्हवाला म्हणतो बघ ब्रेक्झिटचा काही संबंध नाही, रिमेनवाला म्हणतो मी सांगत होतो, आणि ज्याची नोकरी जाणार तो म्हणतो दोघं गप्प बसा. तू मेकॅनिकलवाला म्हणून मुद्दाम सांगतोय. तुझ्या चुलत मेव्हण्याने सांगितलेलं "इथे फॅक्टरीत लगेच लागशील" हे दोन वर्षांपूर्वी ठीक होतं. पुढच्या दोन वर्षांत याच शहरात हजारो अनुभवी माणसं त्याच नोकऱ्या शोधत असणार.

मग काय उरतं, तर एजन्सीचं वेअरहाऊस, नाइट शिफ्ट. किमान पगार आत्ता तासाला ७ पाउंड ८३ पेन्स, एप्रिलपासून ८ पाउंड २१. चाळीस तास मिळाले तर आठवड्याला सव्वातीनशेच्या आसपास, आणि चाळीस तास मिळतीलच असं नाही. शेअर घरातली एक डबल रूम महिना साडेचारशे-पाचशे. पाउंड निकालाआधी शंभर रुपयांच्या आसपास होता, आता नव्वदच्या थोडा वर, म्हणजे घरी पाठवतानाही कात्री. आणि त्यासाठी मिसेसची सरकारी नोकरी सोडायची? नीट समजून घे, पोर्तुगीज नागरिकत्व आलं की भारतीय पासपोर्ट सरेंडर करावा लागतो, आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) मिळेल, पण ओसीआयवर सरकारी नोकरी नाही, मत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. इथे मँचेस्टर रोडला फिरलास तर गोव्याची दुकानं दिसतील, बांगडे, चोरीस, कोंकणीत गप्पा, रविवारी चर्चला गर्दी, सगळं आपलंच वाटतं. पण त्याच दुकानात दुपारी उभा राहिलास तर शिक्षक, बँकवाले, मुख्याध्यापक राहिलेली माणसं रात्रीच्या शिफ्टचे डोळे घेऊन पाव घेताना दिसतील. मुलांसाठी केलं म्हणतात. बऱ्याच जणांचं चांगलं झालंय, नाही असं नाही, पण ते आले तेव्हा नियम ठरलेले होते.

दुसरा रस्ता, तुझा स्वतःचा. टियर टूवर, म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसावर, आत्ता तू बसत नाहीस, पदवीच्या लेव्हलचं काम लागतं आणि अनुभवी माणसाला साधारण ३०,००० पाउंड पगार. पण डिसेंबरमधे सरकारने २०२१ पासूनच्या इमिग्रेशनचा आराखडा काढलाय, त्यात युरोपवाल्यांची मोकळी ये-जा बंद, सगळ्या जगाला एकच नियम, आणि कामाची लेव्हल पदवीवरून खाली, साधारण बारावीच्या बरोबरीला आणायचा प्रस्ताव आहे. म्हणजे डिप्लोमा आणि अनुभववाला टेक्निशियन त्यात येऊ शकतो, ३०,००० ची अट राहते का यावर भांडण चालू आहे. अजून प्रस्ताव आहे, सरकार बदललं तर कचऱ्यात. पण विचार कर, ज्या ब्रेक्झिटला घाबरून तू पळत येणार होतास तेच कदाचित तुला स्वतःच्या नावाने, भारतीय पासपोर्टवर, ढंगाच्या कामावर यायला रस्ता देईल. (हे वाक्य माझ्या बायकोला दाखवू नका कोणी.) खर्च मात्र धर, व्हिसासोबत भरायचा हेल्थ सरचार्ज जानेवारीपासून वर्षाला २०० वरून ४०० पाउंड झालाय, दर माणशी.

चुलत भावाला एवढंच सांग की आमची काळजी सोड, स्वतःचा सेटल्ड स्टेटसचा, म्हणजे ब्रेक्झिटनंतरही इथे राहायच्या हक्काचा, अर्ज कर. ट्रायल चालू झालीय, ३० मार्चला पूर्ण उघडतेय, ६५ पाउंड फी मे बाईंनी जानेवारीत रद्द केली, आधी भरलेली परत मिळणार. पाच वर्षं झाली असतील तर सेटल्ड, कमी असतील तर प्री-सेटल्ड. ॲप फक्त अँड्रॉइडवर चालतं, आयफोनवर नाही, त्यामुळे आमच्याकडे रविवारी माझा जुना फोन मागायला माणसं येतात. गेल्या रविवारी तिघं येऊन गेले, त्यातल्या एकाचा पासपोर्ट स्कॅनच होईना, शेवटी खिडकीपाशी नेऊन चाळीस मिनिटांनी झाला.

आणि तू करायचंच असेल तर एक काम कर. सासऱ्यांच्या जन्माची जुनी नोंद काढून ठेव, तिच्यावरचं नाव आणि बाकीच्या कागदांवरचं नाव जुळतं का बघ, नसेल तर ते दुरुस्त करायला लाग, ते कुठल्याही परिस्थितीत उपयोगी आहे. नागरिकत्वाचा अर्ज मात्र टाकू नको. १२ मार्चला इथे काय होतं ते बघून मला फोन कर, आमच्या संध्याकाळी, तुझ्याकडे रात्री साडेअकरा वाजतील, चालेल ना. तोवर थिवीच्या साहेबाला राजीनाम्याबद्दल एक शब्द बोलू नकोस.