मुन्नारला चाललाय ना, मग राजमला आणि चिन्नार घाईत उरकू नका

दादा, तुम्ही विचारलंय की डिसेंबरच्या सुट्टीत आई-बाबा आणि दोन पोरांना घेऊन सोलापूरहून मुन्नारला चाललोय, एराविकुलम नॅशनल पार्कात खरंच प्राणी दिसतात का आणि कुठं थांबावं. दिसतात ओ, आणि लई जवळून दिसतात. पण तुम्ही टाकलेला टूरवाल्याचा प्लॅन बघितला, एकाच दिवसात एराविकुलम, मट्टुपेट्टी, इको पॉइंट, कुंडला, टॉप स्टेशन, वर चहाचं म्युझियम, यात प्राणी बघायला वेळ कुठाय? माझं ऐका, एक दिवस एराविकुलमच्या राजमल्याला द्या आणि एक चिन्नार अभयारण्याला, बाकीचं जमलं तर जमलं.

एराविकुलम पार्क 97 चौरस किलोमीटरचा आहे पण टुरिस्टला फक्त राजमला भागच खुला असतो. आपली गाडी आत सोडत नाहीत, मरयूर रोडवर फॉरेस्टवाल्यांचं तिकीट काउंटर आहे तिथून त्यांच्याच बसने चहाच्या मळ्यांमधून वर जायचं, आणि वर उतरल्यावर साधारण एक-दीड किलोमीटरचा डांबरी चढ, आई-बाबांना थांबत थांबत आरामात जमेल. पहिली बस पकडा, तिकीट आधीच ऑनलाइन काढा. सुट्टीत उशिरा गेलात तर लाइनीतच पोरं कंटाळतील, आणि दुपारकडं बऱ्याचदा ढग असे उतरतात की समोरचा डोंगर पण दिसत नाही.

इथला मुख्य प्राणी म्हणजे निलगिरी ताहर. दिसायला रानबकरीसारखा, पण 2005 मध्ये डीएनएवरून कळलं की तो हिमालयातल्या ताहरपेक्षा मेंढ्यांना जास्त जवळचा आहे. अख्ख्या जगात फक्त केरळ आणि तामिळनाडूच्या डोंगरात राहतो आणि त्याची सगळ्यात मोठी संख्या याच पार्कात आहे. वर पोचल्या पोचल्या मोबाइल काढून पुढं पळू नका, रस्त्याच्या वरच्या अंगाला जो काळा कडा आहे त्यात मधे मधे गवताच्या अरुंद पट्ट्या दिसतील, तिथं नजर फिरवा, मादी आणि पिल्लं तिथं चरत असतात. मोठा नर ओळखायला सोपा, अंग जवळजवळ काळं आणि पाठीवर खोगीर टाकल्यासारखा पांढुरका डाग. कधी कळपच रस्त्यावर येतो, तेव्हा जागेवर उभे राहा, दात गवत तोडतानाचा कर्रकर्र आवाज ऐकू येतो इतके जवळून जातात, शिंगांवरच्या आडव्या वळ्या पण दिसतात.

आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला काळवीट बघितलेल्या माणसाला हे पटतच नाही, आपल्याकडं गाडीचं दार वाजलं की कळप पार क्षितिजाला. राजमल्याला ताहर घाबरत नाहीत त्यामागं बरीच वर्षं आहेत. चहावाल्या इंग्रजांची ही शिकारीची जागा, मग त्यांनीच 1928 मध्ये संघटना काढून शिकारीवर बंधनं आणली, डोंगर राखायला मुथुवन आदिवासी ठेवले, 1978 ला नॅशनल पार्क झाला. म्हणून कृपा करून पोरांना बिस्किट टाकू देऊ नका, डांबर सोडून गवतात तर अजिबात उतरू नका.

तिथूनच अनामुडी दिसतं, 2695 मीटर, हिमालय सोडला तर त्याच्या दक्षिणेला एवढं उंच दुसरं शिखर नाही, आपलं कळसूबाई 1646. डोंगरावर सगळं गवत आणि घळींमध्ये गच्च बुटकं जंगल, त्याला शोला म्हणतात. शोलाच्या कडेला काळा-नारिंगी फ्लायकॅचर पक्षी बघा, झुडपात खालीच बसतो. नीलकुरिंजीची फुलं मात्र विसरा, ती 12 वर्षांनी फुलते, 2018 ला फुलली होती, आता 2030. आपल्या कारवीच्याच कुळातली. आणि हो, ज्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये जायचंय त्यांनी आधी चौकशी करा, पिल्लं होतात म्हणून तेव्हा पार्क बंद ठेवतात.

आता चिन्नार. टूरवाले हे नावच घेत नाहीत आणि मला याचं फार वाईट वाटतं. मुन्नारहून त्याच मरयूर रोडने साधारण 60 किलोमीटर, वाटेत लक्कम धबधबा, मग मरयूरचं चंदनाचं जंगल आणि उसाचं रान. मरयूरच्या गुळाला जीआय, म्हणजे त्या भागाचा खास माल असल्याची सरकारी ओळख, मिळालाय, गुऱ्हाळावर पाच मिनिटं थांबून गरम गूळ खा, ऊसवाल्या जिल्ह्यातल्या माणसानं तो खाऊनच बघावा. पुढं घाट उतरला की स्वेटर काढायची वेळ येते. चिन्नार पर्जन्यछायेत आहे, पाऊस आपल्यासारखाच कमी, बाभळीची जात, निवडुंग, तांबडी माती, आई-बाबा म्हणतील हे तर आपल्याच गावाकडचं रान. पण याच रानात हत्ती आणि गवे फिरतात! नदीच्या काठाला उंच झाडं आहेत तिथं करडी शेकरू शोधा, आपल्या शेकरूपेक्षा लहान आणि राखाडी, केरळात ती इथंच सापडते. ती एकाच झाडावर बराच वेळ खात बसते त्यामुळं पोरांना सुद्धा नीट बघायला मिळते. चेकपोस्टवर फॉरेस्टचे गाइड मिळतात, स्थानिक आदिवासीच असतात, त्यांच्यासोबत नदीकाठचा छोटा ट्रेक करा. त्यांनी हात वर केला की जागच्या जागी थांबायचं, हत्तीच्या रानात त्यांचंच ऐकायचं. आई-बाबांना चालणं होणार नसेल तर रोड अभयारण्यातूनच जातो, गाडीत बसून हळू हळू गेलात तरी चितळ आणि वानरं दिसतात, फक्त हत्ती दिसला तर खाली उतरू नका आणि हॉर्न वाजवू नका.

संध्याकाळ मोकळी राहिली तर मट्टुपेट्टी, बोटिंगसाठी नाही, जलाशयाच्या पलीकडच्या गवतात जंगली हत्ती चरायला येतात म्हणून. टॉप स्टेशन मला गर्दीमुळं फारसं आवडत नाही, पण तिकडं गेलातच तर थोडं पुढं पांपाडुम शोला करा, जेमतेम 1.32 चौरस किलोमीटरचा नॅशनल पार्क, आत शिरलं की भर दुपारी अंधारून येतं.

दुर्बीण एक तरी घ्या, 8 बाय 42, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुरते. थंडीचं सामान भरपूर घ्या, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा कधी शून्याजवळ जातो, घरची चादर पिशवीत टाकाच. गाडीचं म्हणाल तर पुणे-कन्याकुमारी एक्सप्रेस, जुनी जयंती जनता, सोलापूरवरूनच जाते, कोचीजवळच्या अलुवाला उतरा, तिथून मुन्नार साधारण 110 किलोमीटर, नेरियामंगलमपासून पुढं वळणांचा घाट, पोरांना गाडी लागत असेल तर घाट लागायच्या आधीच गोळी द्या. रिझर्वेशन उघडल्या दिवशीच करा, सुट्टीत वेटिंग लई लांब जातं.