चॅनेल बंद करताना ट्रान्झॅक्शन लहान आणि सेटलमेंट लवकर कशी होईल

तुमचा प्रश्न असा की लायटनिंग चॅनेल (बिटकॉइनवर दोघांमध्ये झटपट पेमेंटसाठी उघडलेलं खातं) तुम्ही स्वतः फोर्स क्लोज केलं, म्हणजे समोरच्याच्या संमतीशिवाय एकतर्फी बंद केलं, तेव्हा आत ८ पेमेंट लटकलेली होती, फी भरमसाट गेली आणि पैसे अजून आलेले नाहीत, तर टॅपरूट चॅनेल (बिटकॉइनच्या नव्या, लहान सहीच्या पद्धतीवर चालणारं) घेतलं तर हे सुटेल का. थोडं सुटेल, पण तुमची फी सहीमुळे नाही तर आउटपुटमुळे गेलीये.

हिशोब बघा. कमिटमेंट ट्रान्झॅक्शन म्हणजे फोर्स क्लोजला चेनवर जाणारं, दोघांच्या शिलकीचं ट्रान्झॅक्शन. अँकरवालं (नंतर फी वाढवायला छोटी आउटपुट ठेवलेलं) रिकामं असेल तर ते ११२४ वेट युनिटचं, म्हणजे २८१ व्हीबाइट, फी याच मापावर लागते. त्यात प्रत्येक लटकलेला एचटीएलसी (अजून पूर्ण न झालेलं, मुदतीचं पेमेंट) ४३ व्हीबाइट वाढवतो, तुमचे ८ म्हणजे ६२५ झाले. आणि खरी मार पुढे आहे, तुमचंच कमिटमेंट चेनवर गेल्यामुळे प्रत्येक एचटीएलसीला वेगळं सेकंड स्टेज ट्रान्झॅक्शन लागतं, टाइमआउटचं (मुदत संपून पैसे परत घ्यायचं) साधारण १६७ आणि सक्सेसचं (आलेलं पेमेंट घ्यायचं) १७७ व्हीबाइट, म्हणजे आणखी १३०० च्या वर, आणि त्यानंतर ते पैसे वॉलेटमध्ये ओढायची फी वेगळीच.

टॅपरूटमध्ये म्यूसिग२ (दोघांच्या सह्या एकत्र करायची पद्धत) मुळे दोन सह्या आणि स्क्रिप्टच्या जागी एकच ६४ बाइटची श्नॉर सही जाते, फंडिंग इनपुट (चॅनेलमध्ये ठेवलेले पैसे खर्च करणारा भाग) साधारण ९६ व्हीबाइटवरून ५८ वर येतो. कोऑपरेटिव्ह क्लोजला (दोघांच्या संमतीने बंद करताना) हा फरक मस्त जाणवतो कारण ते ट्रान्झॅक्शन मुळातच छोटं असतं, पण ८ एचटीएलसीच्या ढिगात ३८ व्हीबाइट वाचून काय होणार! एलएनडी या लायटनिंग सॉफ्टवेअरमध्ये ही चॅनेल २०२३ मध्ये आली तीही प्रायोगिक आणि अनअनाउन्स्ड (नेटवर्कला जाहीर न केलेली), त्यामुळे राउटिंग म्हणजे इतरांची पेमेंट पुढे पाठवायचं काम करत असाल तर आधी दोन्ही बाजूंचा सपोर्ट तपासा.

आता वेळेचं. जो फोर्स क्लोज करतो त्याचेच पैसे डिलेमध्ये (ठरावीक ब्लॉकच्या सक्तीच्या थांब्यात) अडकतात, समोरच्याला अँकर चॅनेलमध्ये एका कन्फर्मेशननंतर मिळतात, शिवाय समोरच्याने स्वतःचं कमिटमेंट चेनवर टाकलं तर त्यावरचे एचटीएलसी तुम्हाला सेकंड स्टेजशिवाय थेट क्लेम करता येतात. म्हणून पीअर (चॅनेलमधला समोरचा नोड) ऑनलाइन असेल तर घाईत फोर्स क्लोजचं बटण दाबू नका हो, साधं क्लोज पाठवा, शटडाउन मेसेज गेला की नवीन एचटीएलसी येत नाहीत, जुने संपले की सरळ दोन आउटपुटचं ट्रान्झॅक्शन होतं आणि कसला डिलेही नसतो. एखादा होल्ड इन्व्हॉइस (घेणारा मुद्दाम रोखून ठेवतो असं पेमेंट) अडकला असेल तर वाट बघावी लागेल, ती बघा, स्वस्त पडते. फीवरून क्लोज रखडत असेल तर सिंपल क्लोज (संमतीने बंद करायची नवी पद्धत) सपोर्ट करणारं व्हर्जन घ्या, त्यात फी ज्याची तो ठरवतो, स्वतःच्या पैशातून भरतो आणि नंतर आरबीएफने (जास्त फीचं ट्रान्झॅक्शन जुन्याच्या जागी टाकून) वाढवूही शकतो.

नवीन चॅनेल उघडताना दोन गोष्टी नक्की करा. एलएनडी समोरच्यावर चॅनेलच्या साइझप्रमाणे १४४ ते २०१६ ब्लॉक डिले लावतं, म्हणजे एक दिवस ते दोन आठवडे, आणि तुमच्यावरचा डिले पीअर ठरवतो, म्हणून मॅक्स लोकल डिले (तुमच्यावर जास्तीत जास्त किती डिले चालेल ते सेटिंग) आधीच कमी ठेवा, पीअरला तो मान्य नसेल तर चॅनेल उघडणारच नाही, तेही चांगलंच. दुसरं, मॅक्स एचटीएलसी, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती पेमेंट लटकू द्यायची. प्रोटोकॉल एका बाजूने ४८३ पर्यंत परवानगी देतो, तेवढे भरले तर कमिटमेंट २१ हजार व्हीबाइटच्या वर जातं, छोट्या चॅनेलला ३० सुद्धा भरपूर झाले. डस्ट लिमिटच्या (चेनवर आउटपुट करायला परवडेल अशा किमान रकमेच्या) खालच्या पेमेंटला आउटपुट मिळतच नाही, ती रक्कम फीत जाते, त्यामुळे बारीक पेमेंटने साइझ वाढत नाही पण फोर्स क्लोज झालं तर ते सॅट (बिटकॉइनचं सगळ्यात छोटं एकक) गेले समजा.

सध्याच्या क्लोजसाठी आता कमिटमेंट कन्फर्म झालंय का ते बघा, झालं नसेल तर अँकरवरून फी वाढवा, कारण डिलेची मोजणी कन्फर्मेशनपासूनच सुरू होते.