वडिलांना नैराश्याची तिसरी गोळी चालू आहे, तरी गुण नाही. जनुकीय चाचणी करून औषध निवडावं का?

चाचणी जरूर करा, पण कोणत्या औषधासाठी आणि कोणत्या जनुकाची, हे आधी विचारा. ते न विचारल्यामुळे काय होतं हे आमच्या घरानं भोगलंय.

माझ्या धाकट्या बहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. स्टिरॉइड कमी केलं की पुन्हा रक्त पडायचं, म्हणून अझाथायोप्रीन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करायचं ठरलं. काहींच्या शरीरात हे औषध नीट मोडत नाही आणि रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा दबते, एवढं मी वाचलं होतं. आधी चाचणी करा, असा हट्टच धरला. थोरले काका चिडले. "इतकी वर्षं लोक गोळ्या घेतायत, ते काय जनुकं बघून घेत होते?" तरी केली. हे औषध मोडणारं टीपीएमटी नावाचं जनुक नॉर्मल आलं. सगळ्यांना हायसं वाटलं, मलाही. त्या भरात सुरुवातीला दर आठवड्याला करायची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आम्ही लांबवली. ती चूक आमची.

अठराव्या दिवशी केस गळायला लागले. उशीवरून मी झुबके उचलत होते. फोनवर सांगितलं गेलं, आजारपणाचा ताण असेल. काका म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे, आता गोळीला दोष देऊ नकोस." आणखी चार दिवसांनी १०३ ताप, तोंडात फोड, पांढऱ्या पेशी ९००. एरवी ४,००० च्या खाली गेल्या तरी डॉक्टर सावध होतात. अकरा दिवस ती वेगळ्या खोलीत होती.

तिथल्या हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) बाईंनी तिचं डोकं पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "एनयूडीटी१५ केलंय का?" हेही त्याच औषधाशी संबंधित दुसरं जनुक; मी ते नावही ऐकलं नव्हतं. टीपीएमटीतला आनुवंशिक फरक १९८० पासून माहीत आहे, पण तो आशियाई लोकांत कमी सापडतो. एनयूडीटी१५ चा संबंध २०१४ मध्ये कोरियातल्या क्रोन्सच्या (आतड्यांच्याच दुसऱ्या आजाराच्या) रुग्णांत उघड झाला आणि आशियाई लोकांत जास्त घात हाच करतो. या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर पहिल्या काही आठवड्यांतच केसही जातात, पेशीही. बहिणीच्या दोन्ही सदोष निघाल्या.

काका आजही म्हणतात, "चाचणी केली होती ना, काय उपयोग झाला?" काका, घराला दोन दारं होती. आपण एकाची कडी लावली आणि निजलो.

आता तुमच्या वडिलांचं. नैराश्याच्या पॅनेलमध्ये (एकत्र तपासल्या जाणाऱ्या जनुकांच्या संचात) मुख्यतः सीवायपी२डी६ आणि सीवायपी२सी१९ ही औषधं मोडणारी जनुकं असतात. एस्सिटॅलोप्राम किंवा पॅरॉक्सेटीनसारखी नैराश्याची गोळी रक्तात किती साठेल, याचा अंदाज त्यावरून येतो. थोड्याशा डोसनंही त्यांना फार त्रास होत असेल, तर ही माहिती मोलाची आहे. पण कोणत्या गोळीनं मन उभारी धरेल, हे कोणतंही जनुक सांगत नाही. तसं सांगणाऱ्या चाचण्यांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१८ मध्येच इशारा दिलाय. शिवाय ते पित्तासाठी ओमेप्राझोल घेत असतील, तर चांगलं २सी१९ सुद्धा मंदावतं आणि रिपोर्टमध्ये ते दिसत नाही. मात्र उद्या मूड स्थिर ठेवायला कार्बामाझेपीन द्यायचं निघालं, तर एचएलए-बी*१५:०२ हा जनुकाचा प्रकार पाहिल्याशिवाय पहिली गोळी देऊ नका. तो प्रकार असलेल्यांची कातडी सोलवटून निघू शकते, जीवही जातो. तिथं चाचणीला "पुस्तकी" म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. रिपोर्ट हातात आला म्हणून चालू गोळी एकदम बंद करू नका. आणि चाचणी नॉर्मल आली तरी ठरलेल्या रक्त तपासण्या चुकवू नका.

बहीण आता बरी आहे, दुसऱ्या औषधावर आहे, केस परत आलेत. तिची एक सदोष प्रत आईकडून आली, एक बाबांकडून. बाबांची ती प्रत काकांकडेही असू शकते, त्यांच्या मुलांकडेही. म्हणून हे उत्तर मी काकांनाही पाठवतेय.